दोन बेटांमधला दोरा

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज दुपारी मला कळलं, की तुम्ही खोटं बोलला नव्हतात. तसाच घाईघाईने लिहायला बसलोय. हे अक्षर बघून हवामान खात्यातल्या तुमच्या नोंदवहीत तुम्ही 'वारा सोसाट्याचा' असंच लिहिलं असतंत.

तुमची नात सुट्टीत तुमच्या नोकरीचं ते बेट बघायला निघाली आहे. तिने फोनवर दाखवलं: तुमच्या बेटाचा विमानतळ ते मुख्य बेटाचा विमानतळ, उड्डाणाला पस्तीस मिनिटं. मी "बघ!" म्हणून ओरडलोच. एवढी वर्षं याच आकड्याची वाट बघत होतो.

आठवतं? आंबिवलीच्या खोलीत मी अकरा वर्षांचा आहे. आईला जाऊन सहा दिवस झालेत, मोहने गावच्या नदीकाठी अग्नी मी दिलाय, आणि तुम्ही आत्ता दारात उभे आहात, हातात नारळांची पिशवी. "तार मिळाली, पण यायला वाहनच नव्हतं रे." मामा म्हणतो, "दोन्ही बेटांवर विमानतळ आहेत की, भावोजी!" मी आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा काढतो. नकाशावरचं अंतर दोऱ्याने मोजायला तुम्हीच शिकवलेलं. नकाशावर दोन बेटांमधला दोरा नखाएवढा भरतो. "एवढंच तर आहे, अण्णा. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती." तुम्ही तो दोरा घेतलात, पुन्हा लावून पाहिलात, "माप बरोबर आहे" म्हणालात आणि रिळाला गुंडाळून ठेवलात. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत मी तुमच्याशी कामापुरतंच बोललो.

"बाबा, हे नुसतं गणित आहे," पोरगी म्हणाली. "कुठलेही दोन विमानतळ टाका, वेळ येतो. विमान असायलाच पाहिजे असं कुठंय?" तिने तिथल्या बोटीवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. म्हातारा हसायलाच लागला. "प्लेन? अरे साहब, वो पट्टी तो फौज की है. पचास साल से इधर हूँ, पब्लिक के लिए कभी नहीं उड़ा. हफ्ते में एक जहाज, वो भी मौसम ने छोड़ा तो."

मी आईचा शिवणाचा डबा काढून आणला. जन्मभर पोरांना संस्कृत शिकवलं, पुराणांतली विमानं रंगवून सांगितली. त्यांचं वेळापत्रक मात्र एकाही पोथीत नाही, हे कधी खटकलं नाही. पण अण्णा, तुम्ही एका वाक्यात सांगू शकला असतात. का नाही सांगितलंत? पोराचं माप चुकलं नव्हतं, म्हणून?

हे पत्र तुमच्यापर्यंत न्यायलाही वाहन नाही, तेव्हा ते त्या शिवणाच्या डब्यातच राहील. एवढं मात्र लिहून ठेवतो. आई दाराकडे बघत नव्हती. शेवटचे दोन दिवस तिला शुद्धच नव्हती. ते मी पदरचं घातलं होतं.