'राखण' गाण्यातला आगाऊ होकार

ती. महादूभाऊजी यांस,

बाबलीचा वाकून नमस्कार. डोंबिवलीच्या हवेत तुमचा दमा आणि सुभद्राताईचा गुडघा काय म्हणतो ते कळवावे. इकडे सर्व खुशाल. भात बरे आले आहे, कुत्री व्यायली, आणि तुमचा सुशांतही खुशाल आहे, फक्त बोलत नाही. (रुसलेला नाही. पुढे येतेच.)

सुशांत कॉम्प्युटरवर काम करतो हे खरेच, पण सुट्टीत त्याचा 'तिनसान' नावाचा हेवी मेटल बँड असतो, हे त्याने तुम्हाला सांगितलेले नाही. आता सांगूही शकत नाही, म्हणून मी सांगतो. मेटल म्हणजे भांडीवाला नव्हे. ढोल, गिटारी आणि रेडा चिखलात रुतल्यासारखा गळा. सायकलीला भोंगा बांधून लाउडस्पीकरच्या धंद्याला लागलेला मी माणूस, सगळा जन्म स्पीकरशेजारी गेला तरी कान शाबूत. पहिल्यांदा ऐकले तेव्हा स्पीकर फाटला समजून मी वायर काढली होती. पण पोरगे दम लावून गाते, हे कबूल.

गाण्याचे नाव 'राखण'. व्हिडिओ वालावलला खाडीकाठी, गाव सांभाळणाऱ्या आपल्या राखणदाराच्या वडाखाली, भर दुपारी. (ही वेळ बरी नव्हे, तिनसांजेला करा म्हटले, तर कॅमेरावाली दिव्या म्हणते, "काका, उजेड गेलो की मगे काय शूट करू, तुमचा टक्कल?") सुशांतला सुरुवातीला राखणदाराला घालतात ते गाऱ्हाणे हवे होते. मी म्हटले, गावात तो मान तुझ्या बापाचा. तर म्हणतो, "मामा, ल्हानपणापासून ऐकतंय, पाठ आसा." पाठ होते, भाऊजी, पण निम्मेच. सुरुवात अगदी तुमच्या थाटात केली. राखणदाराला काय द्यायचे तिथे अडकला, आणि गाण्यातली ओळ चिकटवून मोकळा झाला: "हो माझो आवाज तुका, आणि माका गाजव म्हाराजा." गाऱ्हाणे कानावर पडले की आपल्या माणसाचे हात आपोआप जुळतात आणि तोंडातून "व्हय म्हाराजा" असा होकार निघतो. आम्हीही तोंड उघडले.

पण आमच्या आधीच "व्हय" आला. पाण्यापलीकडून, म्हाताऱ्या, बिनदातांच्या तोंडचा. पोरे म्हणाली, प्रतिध्वनी. प्रतिध्वनी मागून येतो. आधी आलेला मी तरी ऐकलेला नाही.

गाणे नेटवर चढले आणि तुफान गाजले. तेव्हापासून सुशांतच्या घशातून वारा येतो, आवाज येत नाही. कुडाळच्या डॉक्टरांनी आत कॅमेरा घातला, घसा लख्ख. (दिव्या तोही शॉट मागत होती.) तसा आवाज हरवलेला नाही म्हणा. दुपारी वडाखाली ऐकू येतो. खाडीत तिसऱ्या-शिंपले वेचणाऱ्या बायका आधी त्याला "जेवलंस काय रे?" विचारायच्या, आता त्या बाजूला फिरकत नाहीत. मी जाऊन ऐकून आलो. गाऱ्हाणे म्हणतो आहे, रोज थोडे पुढे. जे निम्मे त्याला येत नव्हते तेही आता येते, आणि राग मानू नका भाऊजी, तुमच्यापेक्षा स्पष्ट.

बाकी काळजीचे कारण नाही.

तुमचा मेव्हणा,
बाबली

ता. क. व्हिडिओ बघू नका, दम्याला बरा नाही.

आणखी एक ता. क. दिलेला शब्द फिरवून घेण्याचा मान तुमचाच. आवाजाऐवजी कोंबडा-नारळ कबूल करायला हवा, आणि तेही वडाखालचे गाऱ्हाणे पुरे व्हायच्या आत. मिळेल त्या गाडीने या. कोंबडा मी बघतो. डोंबिवलीचा ब्रॉयलर आणाल तर उलट माझ्यावर शेकायचे.

शेवटचा ता. क. फोन का केला नाही, असे म्हणाल. काल ताईचा आला होता. म्हणाली, सुशांतने फोन करून कळवले, सगळा बरा आसा, बाबांका येव नकात म्हणान सांग. सुशांत तेव्हा माझ्यासमोर सोलकढी पीत होता. मी तिला सांगणार, तोच लाइनवर मधे कोणीतरी खाकरले, म्हणून फोन ठेवला आणि कागद घेतला. पुन्हा त्याचा फोन आला तर खुशाली विचारा, रागवा, हवे ते बोला. फक्त तो काहीही म्हणाला तरी "व्हय" म्हणू नका.