शहाणी लेक

तीर्थरूप आईस,

वालूरहून मनकर्णाचा दंडवत. आमी समदे बरे हाव, काळजी करू नको.

तू पाठवणीला कानात सांगितलं होतंस, की सासरी भांडू नको, ज्याला त्याला चांगलं म्हणत राहा, माणसं आपली होतात. तसंच करायलेय.

थोरल्या जाऊबाई तुझ्याच वयाच्या हायत. आधी लय टोचून बोलायच्या. मी म्हणलं, "अक्का, तुमच्यासारखं बारीक पीठ गावात कुणाच्यानं दळवत न्हाई." तवापासून त्या मला जात्याला हातच लावू देत न्हाईत. त्यांच्या तळहाताला फोड आलेत. परवा अंगात ताप होता, तरी पहाटे दळायल्याच. मी गोधडीतूनच म्हणलं, "अक्का, आवाज किती गोड तुमचा!" बिचारीनं आणखी दोन ओव्या म्हणल्या. आता आमचं लय जमतं.

मालक सरकारी लेवीची ज्वारी घालायला सेलूला गेलेत. त्यांचा खोकला कमी हाय. पहिल्या बायकोचा पोरगा माझ्याहून मोठा हाय, तरी मला आई म्हणतो.

त्यांचं स्थळ आलं त्या दिवशी तू माझी वेणी घालताना सारखी म्हणत होतीस, "माझ्या मनीसारखी शहाणी लेक कुणाला न्हाई." मी इतकी फुलले, की नवऱ्याचं वयसुद्धा इचारलं न्हाई.

बाबांचे गुडघे कसे हायत? कपिला व्याली का?

दादा येऊन गेला. म्हणाला, आई सध्या आपल्या धाकट्या लीलाचं लय कौतुक करायलीय.

कुणाचं स्थळ आलंय?

तुझीच शहाणी,
मनकर्णा