कोपऱ्यातला खांब

अरे ऐक, पिल्लू झोपलंय तेवढ्यात लिहितेय. तू येशील तेव्हा मी कामावर गेलेली असेन.

मागच्या व्हरांड्याचा कोपऱ्यातला लाकडी खांब बुडाशी कुजलाय. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, तर मुठीपर्यंत आत गेला. बुंध्याशी पाणी साचतं, आणि बाबा दरवर्षी ओल्या लाकडावरच हौसेने ऑइलपेंट मारतात. आतली ओल बाहेर पडणार कुठून? वरून नवरदेवासारखा चकचकीत, आतून भुसा.

सुतार म्हणाला, "वहिनी, आता रंगाने भागायचं नाही. बूड कापून खाली लोखंडी पाय बसवावा लागेल. तोवर तिथे कुणी बसू नका."

बाबांना सांगायला गेले, तर म्हणाले, "सूनबाई, हा खांब माझ्या नातवालाही पुरेल." मी खांबाजवळची त्यांची खुर्ची आत आणून ठेवली, तर "ही कुणी हलवली गं?" म्हणत परत तिथेच घेऊन गेले.

आज तूच सांग. तुझ्यावर रागावले तरी जेवतील.

सकाळी पिल्लू त्याच खांबाला धरून पहिल्यांदा उभं राहिलं. बाबा टाळ्या वाजवत होते. मी धावत जाऊन खांबाला पाठ लावली, आणि मीही वाजवल्या.