एका पत्त्यावरच्या दोन टाक्या

६ मे, मंगळ.
भीमनगर वस्तीतून सुशीलाबाईंचा पुन्हा फोन. तिसरा.
"साहेब, टाकी कोरडी हाये, अन् तुम्ही म्हनता भरली."
ऑफिसच्या स्क्रीनवर टाकी ९१ टक्के. तेच सांगितलं.
"मंग मी लबाड बोलून राह्यली काय?"
म्हटलं, मशीन कशाला खोटं दाखवेल. फोन ठेवला, चहा घेतला.

७ मे, बुध.
टाक्यांत पाणी सोडणारे वॉलमन रामदासभाऊ आमच्या मेहकरच्या पाणीपुरवठा ऑफिसात आले. स्क्रीनवर टाकी भरलेली दिसली की पाणी सोडायचं नाही, हा आमच्या ऑफिसप्रमुख सरांचा नियम. भाऊ म्हणाले, "सर, मी सोता चढून पाह्यलं. तळ दिसते."
सर : "कॉम्प्युटरपेक्षा तुले जास्त समजते काय बे?"
सगळे हसले. मीही. वर सरांनी ग्रामपंचायतीला पत्र धाडलं : भीमनगरची तक्रार खोटी. टाइप मीच केलं.

८ मे, गुरु.
झोप नीट नाही. सुट्टी टाकून भीमनगरला गेलो. हिवरा आश्रमपर्यंत बस, पुढे ऑटो. टाकीची शिडी चढलो. तळाला वाळलेलं शेवाळ, मेलेली पाल. उतरलो.
खाली सुशीलाबाई उभ्या. "भरली काय?" एवढंच.

९ मे, शुक्र.
सापडलं. गावची टाकी नि भीमनगरची टाकी, दोन्हींचे पाणी मोजणारे सेन्सर एकाच राउटरवर. नेटवरचा आयपी पत्ता एकच, फक्त पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरचे दार-नंबर, वेगळे, ५०२१ नि ५०२२. स्क्रीनसाठी मीच रुबी भाषेत लिहिलेल्या प्रोग्राममध्ये आकडे नुसत्या पत्त्यावर साठवलेले. आधी भीमनगरचा येतो, मग त्याच जागी गावचा बसतो. दोन्ही टाक्यांसमोर गावचाच आकडा. मार्चपासून.
सेन्सर बरोबर. रामदासभाऊ बरोबर. बाई बरोबर.
स्वतःचा कोड वाचून इतकी शिसारी कधी आली नव्हती.

१० मे, शनि.
कोडमध्ये नवा क्लास लिहिला. पत्ता नि पोर्ट, जोडी मिळून एकच ओळख. दोन जोड्या सारख्या का हे तपासणारं == लिहिलं, तरी हॅशमध्ये, म्हणजे आकड्यांच्या खतावणीत, जोडी सापडेना. खतावणी ज्यांवरून शोधते ते eql? नि hash लिहायचे राहिले होते. लिहिले. तरी रिकामं. फाइलमधून पोर्ट अक्षरं म्हणून येत होता, आकडा नाही. अक्षरांचा आकडा करणारा to_i लावला. एवढंच.
दुपारी गाव ९१, भीमनगर २.
रामदासभाऊंना फोन. "भाऊ, भीमनगरचा वॉल उघडा."
"सरनं सांगतलं काय?"
"मी सांगतो."
"मंग तुमचं नाव लिहितो रजिस्टरात."

१२ मे, सोम.
सर : "सुधरलं ना? मंग झालं. सेन्सर खराब होता असं लिहून दे."
"नव्हता, सर. चूक माझी आहे. अन् आपलं ते पत्र..."
"तुले काऊन पुळका आला एवढा?"
खुर्चीत बसून दोन ओळी टाइप केल्या, सेन्सर नादुरुस्त वगैरे. किती सहज आल्या. पुसल्या.

१३ मे, मंगळ.
सुशीलाबाईंना फोन केला. सगळं सांगितलं, माफी मागितली.
"पानी आलं. पन आमाले लबाड म्हनलं ते कागदावर हाये. तुम्ही फोनवर सांगून राह्यले."
"लिहून देतो."
"सही करा. अन् पंचायतीत समद्यांपुढं वाचा."
लिहिलं. सही केली. उद्या सकाळच्या बसने पंचायतीत. सरांचे चार मिस्ड कॉल. पाचवा आता वाजतो आहे.