मिरेताईचा घाणा

डेजॉन,
१८ नोव्हेंबर

प्रिय मिरेताई,

कशी आहेस? वांदो बेटावर आता वारा सुटला असेल. बाबा काठीशिवाय चालतात असं कळलं, फार बरं वाटलं. शैवालाची जाळी तू एकटीच ओढतेस की भाऊही हात लावतो?

इकडे सगळं ठीक. शनिवारी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी मिळून किमची घातली. ग्यु-वॉनने कोबीवर इतकं मीठ ओतलं की कुक सर म्हणाले, "अरे, किमची घालतोयस की मासळी खारवतोयस?"

आता कामाचं. आपल्या नव्या सोलर सेलवर जो पॉलिमरचा थर देतो, त्याची तू केलेली शेवटची बाटली संपत आलीय. तुझ्या घाण्याचे, म्हणजे तू एका वेळी शिजवलेल्या पॉलिमरचे, सेल गरम पेटीत ठेवले तरी वीज देत राहतात. आमच्या घाण्याचे आठवड्यात मान टाकतात. कृती तीच, मापं तीच. कधी साखळ्या आखूड राहतात आणि विद्युतभार पुढे सरकत नाही, कधी इतक्या लांब होतात की द्रावणाची खळ होते. मी बैठकीत म्हटलं, "ती मिरेताईच्या हाताची चव आहे." सर उखडले. "पॉलिमरला कसली आलीय हाताची चव! विचार तिला, काय करायची ते."

म्हणून हे पत्र. ते स्वतः फोन करणार नाहीत. बाबांच्या आजारपणात तू मध्येच गेलीस, ते त्यांना अजून पचलेलं नाही.

तू घड्याळाकडे बघायचीच नाहीस, एवढं मला आठवतं. लाल रस दाटून ढवळणारी कांडी जड फिरू लागली की तू थांबवायचीस. पण ते नेमकं कधी, हे मला साधत नाही.

पुढचं मी दोनदा लिहून खोडलं. या सेलवरचा शोधलेख तयार आहे आणि लेखकांत तुझं नाव नाही. काचा पुरवणाऱ्यांचे आभार मानलेत, त्याच ओळीत तुला बसवलंय. मी विचारलं तर सर म्हणाले, "ती सोडून गेली ना? तू कृती मिळव. पहिलं नाव तुझं, आणि मार्चपासून नोकरीही." माझी इथल्या कामाची मुदत फेब्रुवारीत संपते. आईला अजून सांगितलेलं नाही. मला ती नोकरी हवीय ताई, खोटं कशाला बोलू? हो म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं, त्याचीच लाज वाटतेय.

तर ऐक. मला कृती कळवू नकोस. उद्या मी फोनवर रडले तरी सांगू नकोस. सरांना थेट लिही, "लेखात पहिलं नाव माझं असेल तर येऊन करून दाखवते." घाणा जमेपर्यंत लेख बाहेर जाऊ शकत नाही, आणि तो तुझ्याशिवाय जमणार नाही. मी तुला काय लिहिलं, ते उद्या सकाळी त्यांना सांगणार आहे.

बाबांना नमस्कार सांग.

फेब्रुवारीपर्यंत तरी इथलीच,
सुल-आ