पुलाची बातमी कोणाच्याही नावे नाही

मी, मिनल धर्मेंद्र रामटेके, वय ४६, धंदा पत्रकारिता, राहणार प्रताप नगर, नागपूर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही, हे वाक्य वकिलांनी घालायला सांगितलं. दबाव आहे, पण तो न लिहिण्याचा आहे.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा आणि पोस्टातली शिल्लक माझे पती धर्मेंद्र यांना मिळावी. ते शहर बसवर ड्रायव्हर आहेत.

२. कॅमेरा आणि भेग मोजायची पट्टी मुलगी अपेक्षा हिला. तिने हाच धंदा करावा असं अजिबात नाही. याच पट्टीने मी शहरातल्या एका नव्या उड्डाणपुलाच्या चौदाव्या खांबावरची भेग मोजली. मार्चमध्ये दोन मिलिमीटर, जूनमध्ये वरून पुट्टी आणि रंग, ऑगस्टमध्ये रंगासकट पाच. पुलाचं नाव बातमीत आहे.

३. जाऊबाई वंदना यांना माझी एकही साडी देऊ नये. "बाईले काहून पाहिजे पुलाखालची उठाठेव?" असं त्या चार पाहुण्यांसमोर बोलल्या होत्या. बाकी कोणालाही द्या.

४. आमचे संपादक बापूजी यांच्यावर कोणी ठपका ठेवू नये. बातमी त्यांनी दाबली नाही, मी दाबली. मला एका माणसाचा फोन आला. अपेक्षाची ट्यूशन किती वाजता सुटते, ती कोणत्या गल्लीतून घरी येते, हे त्याने अगदी गोड आवाजात सांगितलं. त्यानंतर अकरा दिवस बातमी कपाटात पडून होती. आता अपेक्षा नागपुरात नाही. कुठे आहे ते इथे लिहीत नाही.

५. पती माझ्याआधी

इथे पेन थांबला. 'पती माझ्याआधी वारल्यास' हा मजकूर सगळेच टाकतात, असं वकील म्हणाले. धर्मेंद्र दिवसातून आठ वेळा तोच पूल ओलांडतात, भरल्या बसने. रूट बदलून घ्या म्हणून मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "मी नाही गेलो त दुसरा ड्रायव्हर जाईन. त्याले बायको नाही का वं?" हे कलम अर्धंच राहू द्यावं.

६. बातमी मी कोणाच्याही नावे ठेवत नाही. आज दुपारी ती फोटोंसकट बापूजींना पाठवली. उद्या छापून येईल.

७. आजची माझी सही बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. पुढे कोणी कोर्टात म्हणेल, बाई आजारी होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. तसं काही नाही. मी भ्याले आहे, म्हणून हात थरथरतो. खालच्या दोघांनी मला सही करताना पाहिलं आहे.

सही: मिनल धर्मेंद्र रामटेके

साक्षीदार:
१. नानाजी बळीराम वैद्य, शेजारी, प्रताप नगर
२. प्रेमिला नागसेन मेश्राम, शिक्षिका, सक्करदरा

नागपूर, २ सप्टेंबर २०२५