पंचमीचा भोपळा

आईस, असशील तिथं तुझ्या लेकीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इतक्या वर्षांनी हिला पत्र कुठलं सुचलं, म्हणशील. मला मुलगी झाली, आई! आज सांगलीला आमच्या घरी बारसं झालं. कान टोचायला सोनार आला आणि सासूबाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला. तेव्हा तुझी इतकी आठवण आली की बाळ निजल्याबरोबर लिहायला बसले.

माझेही कान बाराव्या दिवशीच टोचले होते ना? दिवसभर रक्त थांबेना, म्हणतात. आपल्या शिराळ्यात नागपंचमीला कुणी विळीला हात लावत नाही. तू सगळ्यांसमोर कबूल केलंस, "पोटुशी असताना म्या पंचमीला भोपळा चिरला. नागोबा कोपला."

पुढं तो भोपळा मी तुला किती ऐकवला! घोळणा फुटला, दात पडला, की मी फणकारायचे, "तुझ्या भोपळ्यापायी!" तू दुर्वांचा रस माझ्या नाकात पिळायचीस. एवढी गप्प कशी गं बसलीस?

मी दहा वर्षांची असताना पाठच्या बाळंतपणात तू गेलीस. रक्त थांबलंच नाही.

यंदा सातव्या महिन्यात घोळणा फुटून थांबेना, म्हणून मिरजेच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्या आईलाही असं रक्त जायचं का?" शेजारी सासूबाई. मी "नाही" म्हणून मोकळी झाले, नागाचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "काही घराण्यांत रक्त लवकर गोठत नाही. ते आईबापांकडून येतं. आधी कळलं तर रक्त देणारा माणूस तयार ठेवता येतो. माहेरी नीट विचारून या."

मावशीकडं गेले. ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "कसला भोपळा गं? त्या पंचमीला ती माझ्याकडंच व्हती. म्याच पुरणाची दिंडं उकडली. इळीजवळ बी गेली न्हाई ती. तिचंच रगात थांबत नव्हतं, ल्हानपणापासनं. ह्ये कळलं तर तुला कोण करून घेणार? म्हणून भोपळा अंगावर घेतला तिनं."

खूप रडले मी. आणि रागावलेही, बरं का! निदान सुइणीच्या कानात तरी सांगायचं होतंस! माझं लग्न व्हावं म्हणून तू गप्प राहिलीस, आणि डॉक्टरीणबाईंपुढं मीही तेच करून आले होते.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. आता माहेरी धाडतात, असंच वाटलं. त्या पदर खोचत म्हणाल्या, "आगं बया, मग हितं काय बसलीयास? चल मिरजंला. सांग त्या बाईस्नी."

हे लढाईवरून आलेले. तिथं जखमींना रक्त देताना पाहिलेलं. मोठ्या ऐटीत बाही सरसावून बसले, पण मेळ बसला तो धाकट्या भाऊजींच्या रक्ताचा! हे अजून जरा खट्टूच आहेत.

बाळंतपणात रक्त फार गेलं, आई. मला तूच दिसत होतीस. पण भाऊजी तयार होते, बाई तयार होत्या. डोळे उघडले तेव्हा सासूबाई गालावर चापट्या मारत होत्या, "ऊठ, लेक बघ तुझी."

आज त्या सोनाराला काय म्हणाल्या ठाऊक आहे? ओटीवर चारचौघी बसलेल्या असताना, खणखणीत आवाजात! "आवं, एवढ्यात न्हाई टोचायचं. आमच्या पोरीचं रगात उशिरा थांबत असंल. तिच्या आईगत, आन् आज्जीगत. बाईस्नी इचारून मग बघू." बायका पाळणा म्हणायच्या थांबल्या, आणि मग पुन्हा म्हणू लागल्या. एवढंच झालं गं!

ही जाणती झाली की तिला तुझं-माझं सगळं सांगेन. तिनं कुणापुढं मान खाली घालायची नाही, हा माझा शब्द. आणि सव्वा महिना झाला की विळीवर बसेन, भोपळा चिरेन, आणि भाजी करून पहिलं पान तुला वाढीन. तू कधी चिरलाच नव्हतास ना?

तुझीच फणकारी,
चंपा